रिॲक्शन टाइमचं मॉडेल कसं लावायचं: सरासरीपासून लागोपाठ येणाऱ्या सिग्नलपर्यंत

सिग्नल दिसला की बटण दाबायचं, काम एवढंच, पण त्याचे आकडे हातात आले की बहुतेक लोक सरासरी काढतात आणि तिथेच थांबतात. सरासरी आली ४८० मिलिसेकंद, बरं मग? त्यातले किती बघण्यात गेले, किती ठरवण्यात गेले, किती बोट हलण्यात गेले, आणि उद्या ४४० आले तर नेमकं काय सुधारलं, हे सरासरी सांगत नाही. मॉडेल लावायचं ते हे वेगळं काढायला. लॉग आणि स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय हे माहीत असेल आणि एक स्प्रेडशीट असेल तर यातलं अर्ध्याहून जास्त काम होतं, पुढच्या भागाला थोडं पायथॉन किंवा आर आलं तर बरं.

प्रश्न जुनाच आहे. १८६८ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्सिस्कस डोंडर्सने पायाला विजेचा हलका झटका देऊन वेळ मोजला. कुठल्या पायाला झटका बसणार हे आधी माहीत असेल तेव्हाचा वेळ आणि माहीत नसेल तेव्हाचा वेळ यात साधारण १/१५ सेकंदाचा फरक आला, म्हणजे ६७ मिलिसेकंद, आणि तो म्हणाला हाच निवड करण्याचा वेळ. वजाबाकीची आयडिया झकास आहे, पण यात आपण गुपचूप असं धरून चालतो की निवड करायला लावली तरी बाकीचे टप्पे जसेच्या तसे राहतात, आणि त्याची खात्री कोणी देत नाही. म्हणून नुसत्या दोन सरासऱ्या वजा करण्यापेक्षा सगळ्या वेळांचा आकार बघायचा, त्यात बरीच जास्त माहिती असते.

आधी मोजमाप नीट करा

सिग्नल कधी येणार याचा अंदाज माणूस फार पटकन बांधतो. दर वेळी बरोबर दोन सेकंदांनी दिवा लावलात तर तुम्ही रिॲक्शन मोजतच नाही आहात, तालज्ञान मोजताय. मधला थांबा १ ते ३ सेकंदांत कुठेही रँडम ठेवला तरी पूर्ण सुटका नाही, कारण अडीच सेकंद उलटले की 'आता येणारच' हे समोरच्याला कळतं आणि उशिरा आलेल्या सिग्नलना वेळ उगाच कमी येतो. यावर उपाय म्हणजे थांबा एक्स्पोनेन्शियल वितरणातून काढायचा:

थांबा = १ सेकंद + (−१ × नैसर्गिक लॉग(० ते १ मधला रँडम आकडा)) सेकंद

यात किती वेळ थांबलो यावरून पुढच्या क्षणी सिग्नल येण्याची शक्यता बदलत नाही, त्यामुळे अंदाज बांधून फायदा होत नाही. शिवाय मधूनमधून सिग्नलच न येणाऱ्या ट्रायल (ट्रायल म्हणजे प्रयोगाची एक फेरी) टाका, म्हणजे आधीच दाबणारे सापडतील.

स्क्रीन आणि कीबोर्डच्या उशिराबद्दल लोक फार काळजी करतात, पण चुकीच्या बाजूने करतात. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे सिग्नल त्यात कुठेतरी पडतो आणि तेवढा गोंधळ प्रत्येक वेळेत मिसळतो. पण हा गोंधळ सगळीकडे सारखा पसरलेला धरला तर त्याचं व्हेरियन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) १६.७ चा वर्ग भागिले १२, म्हणजे २३ च्या आसपास. माणसाचं स्वतःचं स्टँडर्ड डेव्हिएशन १०० असेल तर व्हेरियन्स १०,०००. त्यात २३ कुठे दिसणार? खरा त्रास देतो तो ठरावीक उशीर, एका मशीनवर २० मिलिसेकंद आणि दुसऱ्यावर ६०, तर दोन मशीनवरचे आकडे शेजारी ठेवू नका, एकाच मशीनवर सगळ्या कंडिशन (ज्यांची तुलना करायची त्या परिस्थिती) घ्या म्हणजे तो सगळीकडे सारखा मिसळतो.

साफसफाई करताना १०० मिलिसेकंदांखालचे वेळ काढून टाका. ॲथलेटिक्समध्येसुद्धा पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत हलला तर फॉल्स स्टार्ट धरतात, कारण ऐकून तेवढ्यात हलणं शक्य नाही असं मानलं जातं. वरच्या बाजूला मात्र जपून. 'सरासरीपासून दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बाहेरचं सगळं उडवा' हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण रिॲक्शन टाइमला उजवीकडे लांब शेपूट असतंच, आणि नेमकं त्या शेपटातच काम अवघड झालं की लक्ष उडालं याची खूण असते. उठून दार उघडायला गेलेला ६ सेकंदांचा वेळ काढा, ९०० मिलिसेकंदांचा ठेवा.

शेपटासकट वर्णन: एक्स-गॉसियन

हिस्टोग्राम काढा. डावीकडे उभा चढ, उजवीकडे हळूहळू उतरणारं शेपूट, असा आकार जवळजवळ नेहमी येतो. याला बसणारं सोपं वर्णन म्हणजे नॉर्मल वितरणातला एक आकडा अधिक एक्स्पोनेन्शियलमधला एक आकडा. तीन पॅरामीटर लागतात, म्यू आणि सिग्मा नॉर्मल भागाचे, टाऊ शेपटाचा. सरासरी म्हणजे म्यू + टाऊ, आणि व्हेरियन्स म्हणजे सिग्माचा वर्ग + टाऊचा वर्ग.

हाताने काढायचं तर, समजा सरासरी ४८०, स्टँडर्ड डेव्हिएशन १२० आणि स्क्यूनेस (आकार एका बाजूला किती कलला आहे त्याचं माप) १.२ आली:

टाऊ = १२० × (१.२ ÷ २) चं घनमूळ = १०१
म्यू = ४८० − १०१ = ३७९
सिग्मा = (१२० चा वर्ग − १०१ चा वर्ग) चं वर्गमूळ = ६५ च्या आसपास

ही पद्धत झटपट अंदाजाला ठीक, पण स्क्यूनेस दोनचार विचित्र वेळांनीही हलते, म्हणून नंतर मॅक्सिमम लाइकलीहुडने (हाच डेटा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त करणारे पॅरामीटर शोधून) फिट करा. पायथॉनच्या सायपाय या लायब्ररीमध्ये हे वितरण तयार मिळतं, फक्त तिथे टाऊ थेट मिळत नाही, टाऊ भागिले सिग्मा असा आकडा मिळतो, तो सिग्माने गुणायचा. एका कंडिशनला १०० च्या खाली ट्रायल असतील तर टाऊवर फार विश्वास ठेवू नका.

आणि टाऊ म्हणजे 'लक्ष', म्यू म्हणजे 'वेग' असं लेबल लावून मोकळं होऊ नका, हे फार दिसतं. २००९ मध्ये डोरा मात्झके आणि एरिक-यान वागेनमाकर्स यांनी तपासून दाखवलं की या पॅरामीटरचं मनातल्या एकेका प्रक्रियेशी सरळ नातं जोडता येत नाही. एक्स-गॉसियन आकाराचं वर्णन करतं, कारण सांगत नाही. कारण हवं असेल तर पुढचं मॉडेल.

निर्णय कसा होतो: डिफ्युजन मॉडेल

रॉजर रॅटक्लिफने १९७८ मध्ये मांडलेलं हे मॉडेल दोन पर्यायांच्या झटपट निवडीसाठी आजही सगळ्यात जास्त वापरलं जातं. कल्पना अशी की सिग्नल दिसल्यावर डोक्यात पुरावा साठत जातो, तो दर क्षणाला थोडा योग्य बाजूला सरकतो आणि थोडा उगाच इकडेतिकडे हलतो, वरची किंवा खालची सीमा गाठली की निर्णय झाला. सरकण्याचा वेग म्हणजे ड्रिफ्ट, दोन सीमांमधलं अंतर म्हणजे बाउंड्री, आणि बघायला व बोट हलवायला लागणारा वेळ वेगळा, त्याला आपण बाकी वेळ म्हणू. शेपूट कुठून येतं हे इथे आपोआप कळतं, पुरावा कधीकधी बराच वेळ मधेच घुटमळत राहतो. चुका का होतात तेही कळतं, या उगाच हलण्यामुळे, म्हणजे नॉइजमुळे, कधी चुकीची सीमा आधी लागते.

पूर्ण मॉडेल फिट करायला सॉफ्टवेअर लागतं, पण वागेनमाकर्स, फान देर मास आणि ग्रासमान यांनी २००७ मध्ये दिलेली ईझेड नावाची पद्धत स्प्रेडशीटमध्ये होते. फक्त तीन आकडे लागतात: बरोबर उत्तरांचं प्रमाण (प), बरोबर उत्तरांच्या वेळेची सरासरी, आणि त्याच वेळेचं व्हेरियन्स (व). वेळ सेकंदांत घ्या, मिलिसेकंदांत घेतलात तर सगळं बिघडेल.

ल = नैसर्गिक लॉग(प ÷ (१ − प))
क्ष = ल × (ल × प × प − ल × प + प − ०.५) ÷ व
ड्रिफ्ट = क्षच्या वर्गमुळाचं वर्गमूळ
बाउंड्री = ल ÷ ड्रिफ्ट
निर्णयाचा वेळ = बाउंड्री ÷ (२ × ड्रिफ्ट) × (२ × प − १)
बाकी वेळ = सरासरी − निर्णयाचा वेळ

समजा 'नीट करा' असं सांगितल्यावर ९० टक्के बरोबर, सरासरी ०.५२०, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.१२०. मग ल येतो २.१९७, क्ष ३०.८६, ड्रिफ्ट २.३६, बाउंड्री ०.९३, निर्णयाला ०.१५८ सेकंद आणि बाकी वेळ ०.३६२. आता त्याच माणसाला 'पटापट करा' सांगितलं आणि आलं ८० टक्के बरोबर, सरासरी ०.४३७, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०५९. गणित केलं की ड्रिफ्ट पुन्हा २.३६, बाकी वेळ पुन्हा ०.३६२ च्या आसपास, बाउंड्री मात्र ०.५९. म्हणजे माणूस हुशारही झाला नाही, बोटही जलद झालं नाही, फक्त कमी पुराव्यावर समाधान मानायला लागला. ८३ मिलिसेकंदांची ही 'सुधारणा' सरासरी बघणाऱ्याने कौतुकाने सांगितली असती.

प जर १ आला, म्हणजे एकही चूक नाही, तर लॉग अनंतात जातो. तेव्हा प च्या जागी १ − १ ÷ (२ × ट्रायलची संख्या) घाला. प बरोबर ०.५ असेल तर ही पद्धत चालतच नाही. अजून एक गोची: काही पेपरमध्ये नॉइजचा आकार ०.१ धरतात, वरच्या गणितात तो १ आहे, त्यामुळे त्यांचे ड्रिफ्ट आणि बाउंड्री दहापट लहान दिसतात, घाबरू नका, दहाने गुणा आणि मग तुलना करा.

ईझेड असं धरून चालतं की सुरुवात बरोबर मधून होते आणि चुकीच्या उत्तरांचा वेळ बरोबर उत्तरांसारखाच असतो. हे तपासणं सोपं आहे, चुकांचा वेळ वेगळा काढून बघा. चुका जास्त जलद असतील तर सुरुवातीची जागा दर ट्रायलला हलत असावी, चुका संथ असतील तर ड्रिफ्ट ट्रायलगणिक बदलत असावा, आणि दोन्हीपैकी काहीही दिसलं तर फास्ट-डीएम किंवा एचडीडीएमसारखं पूर्ण मॉडेल लावणारं सॉफ्टवेअर घ्या.

फिट झालं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, उलट चालवून बघायचं. मिळालेले पॅरामीटर घ्या आणि खोट्या ट्रायल बनवा: पुरावा बाउंड्रीच्या निम्म्यापासून सुरू करा, दर मिलिसेकंदाला ड्रिफ्ट × ०.००१ अधिक ०.०३१६ × नॉर्मल रँडम आकडा मिळवत जा (०.०३१६ हे ०.००१ चं वर्गमूळ), सीमा लागली की थांबा आणि बाकी वेळ मिळवा. अशा काही हजार ट्रायलवर पुन्हा ईझेड लावा, तेच पॅरामीटर परत आले पाहिजेत. पायरी मिलिसेकंदापेक्षा मोठी घेतलीत तर सीमा ओलांडल्याचं उशिरा कळतं आणि वेळ थोडे फुगतात. मग खऱ्या आणि खोट्या डेटाचे १०, ३०, ५०, ७०, ९० व्या टक्क्याचे वेळ (१० व्या टक्क्याचा वेळ म्हणजे ज्याच्या खाली १० टक्के वेळ येतात तो) शेजारी मांडा. सरासरी जुळते पण ९० वा टक्का जुळत नाही, असं झालं तर मॉडेल शेपटात चुकतंय.

पर्याय दोनपेक्षा जास्त असतील तर हिक आणि हायमन यांचा (१९५२ आणि १९५३) नियम पहिला अंदाज देतो: वेळ = एक स्थिरांक + दुसरा स्थिरांक × (पर्याय + १) चा दोनच्या पायावरचा लॉग. १, ३ आणि ७ पर्याय घेतले की लॉग येतो १, २, ३, तीन बिंदू सरळ रेषेवर बसतात का बघा आणि पुढे चला.

दोन सिग्नल पाठोपाठ आले तर

खरी मजा इथे आहे. पहिल्या सिग्नलला अजून उत्तर दिलेलं नाही तोवर दुसरा आला तर दुसऱ्याचं उत्तर हमखास लांबतं. टेलफर्डने १९३१ मध्ये याला सायकॉलॉजिकल रिफ्रॅक्टरी पीरियड असं नाव दिलं, वेलफर्डने १९५२ मध्ये एकच चॅनल आहे असं मांडलं, आणि पुढे हॅरॉल्ड पॅशलरने त्यावर नेमके प्रयोग केले. मॉडेल असं: प्रत्येक कामाचे तीन टप्पे, बघणं, ठरवणं, हलवणं. बघणं आणि हलवणं दोन्ही कामांचं एकाच वेळी चालू शकतं, पण ठरवणं म्हणजे एकच खिडकी, एक जण असेल तर दुसऱ्याने रांगेत थांबायचं.

दुसरा वेळ = (पहिलं बघणं + पहिलं ठरवणं) आणि (मधलं अंतर + दुसरं बघणं) यातलं जे मोठं ते + दुसरं ठरवणं + दुसरं हलवणं − मधलं अंतर

मधलं अंतर म्हणजे पहिला सिग्नल सुरू झाल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतचा वेळ. आकडे घालून बघू. पहिलं काम १२०, १८०, १०० आणि दुसरं १२०, १६०, १००, सगळं मिलिसेकंदांत. पहिल्याचा वेळ ४००, दुसऱ्याचा एकट्याने केला तर ३८०. पहिल्याचं ठरवणं ३०० ला संपतं. मधलं अंतर ५० असेल तर दुसरं बघून होतं १७० ला पण खिडकी ३०० ला मोकळी होते, म्हणून दुसरा वेळ ३०० + १६० + १०० − ५० = ५१०. अंतर १५० केलं तर ४१०. अंतर ४०० केलं तर रांगच नाही, ३८०. आलेख काढला तर १८० मिलिसेकंदांपर्यंत रेषा सरळ खाली येते, उतार बरोबर −१, आणि मग सपाट. १८० कुठून आलं? पहिलं बघणं + पहिलं ठरवणं − दुसरं बघणं.

पण नुसता उतार बघून 'खिडकी आहे' म्हणू नका, कारण उतार दुसऱ्या कारणांनीही येऊ शकतो. खरी परीक्षा वेगळी आहे. दुसरा सिग्नल अंधुक करा, म्हणजे समजा त्याचं बघणं १२० ऐवजी १६० झालं. अंतर ४०० असताना वेळ ३८० चा ४२० होईल, पण अंतर ५० असताना? बघून होतं २१० ला, खिडकी अजून बंदच, वेळ ५१० चा ५१० च. वाढलेले ४० रांगेतच जिरले. आता अंधुक न करता ठरवणं ४० ने अवघड करा (कुठल्या सिग्नलला कुठलं बटण हा नियम उलटसुलट केला की होतं), तर वाढ दोन्ही अंतरांना सारखीच ४० दिसेल. कुठली वाढ जिरते आणि कुठली नाही यावरून अडथळा कुठल्या टप्प्यावर आहे हे कळतं, आणि हे इतकं साधं मॉडेल इतकं नेमकं भाकीत करतं हे मला तरी अजून भारी वाटतं.

खऱ्या डेटात १८० पाशी टोकदार कोपरा मिळणार नाही, गोल वळण मिळेल आणि तिथले वेळ सूत्रापेक्षा थोडे जास्त येतील. कारण टप्प्यांचे वेळ दर ट्रायलला बदलतात, आणि 'मोठं ते घ्या' केल्यावर मिळणारी सरासरी ही सरासऱ्यांमधल्या मोठ्यापेक्षा कमी कधीच नसते. म्हणून सरासऱ्या सूत्रात घालण्यापेक्षा प्रत्येक ट्रायलला टप्प्यांचे वेळ रँडम काढून हजार ट्रायल चालवा. तसंच अंतर लहान असताना पहिल्या आणि दुसऱ्या वेळेचा ट्रायलवार संबंध तपासा, रांग खरी असेल तर पहिला लांबला की दुसराही लांबलाच पाहिजे.

अंतर कमी केल्यावर पहिला वेळसुद्धा वाढायला लागला तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे लोक दोन्ही उत्तरं साठवून एकदम देतायत, हे दोन उत्तरांमधलं अंतर जवळजवळ शून्य येतं त्यावरून कळतं, अशा ट्रायल वेगळ्या काढा. दुसरी शक्यता म्हणजे खिडकी पूर्ण बंद नसते, क्षमता दोन कामांत वाटली जाते, नेव्हन आणि मिलर (२००२) तसंच टॉम्बू आणि जोलिकर (२००३) यांची मॉडेल त्यावरच आहेत. पहिला वेळ स्थिर असेल तर या भानगडीत पडू नका.

दुसरा सिग्नल 'थांब' असा असेल तर गणित बदलतं. लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये याला दोन प्रक्रियांची शर्यत मानलं, करणारी आणि थांबवणारी, जी आधी संपेल ती जिंकते. थांबण्याचा वेळ दिसत नाही, कारण थांबल्यावर बटण दाबलंच जात नाही, पण काढता येतो. 'थांब' २०० मिलिसेकंदांनी दिला आणि तरी ४० टक्के वेळा बटण दाबलं गेलं, तर साध्या ट्रायलचे वेळ लहानमोठे लावून ४० व्या टक्क्याचा वेळ घ्या, तो ४३० असेल तर थांबायला लागले ४३० − २०० = २३० मिलिसेकंद. लोक 'थांब' येईल म्हणून मुद्दाम हळू खेळत असतील तर हा आकडा बिघडतो, त्यांना आधीच सांगा की वाट बघत बसू नका.

सिग्नल तालात येत असतील तर

ठरावीक तालात येणाऱ्या ठोक्यांना लोक उत्तर देत नाहीत, त्यांच्या जरा आधीच टॅप करतात, त्यामुळे वरचं काहीच लागू होत नाही. इथे विंग आणि क्रिस्टोफरसन यांचं १९७३ चं मॉडेल घ्या. ठोके बंद करून त्याच तालात टॅप करत राहायला सांगा, आणि दोन टॅपमधलं अंतर = आतल्या घड्याळाचं अंतर + या टॅपचा हाताचा उशीर − आधीच्या टॅपचा हाताचा उशीर असं माना. एक टॅप उशिरा पडला की एक अंतर लांबतं आणि पुढचं आखडतं, म्हणून शेजारच्या अंतरांचं कोव्हेरियन्स (दोन आकडे एकत्र किती वरखाली होतात त्याचं माप) ऋण येतं, आणि ते ऋण चिन्ह काढलं की थेट हाताचं व्हेरियन्स मिळतं. अंतरांचं व्हेरियन्स ६०० आणि शेजारचं कोव्हेरियन्स −१५० आलं तर हाताचं १५०, घड्याळाचं ६०० − २ × १५० = ३००.

शेजारचा कोरिलेशन (कोव्हेरियन्स ÷ व्हेरियन्स) शून्य ते −०.५ च्या मधेच यायला हवा, इथे तो −०.२५ आहे. धन आला तर घाबरून मॉडेल टाकू नका, बहुतेक वेळा माणूस हळूहळू ताल वाढवत किंवा सोडत गेलेला असतो, अंतरांमधून सरळ रेषेचा कल वजा करा, टॅपांचे ३० च्या आसपासचे छोटे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेगळं गणित करा आणि मग तुकड्यांच्या उत्तरांची सरासरी घ्या.